रोहिलागडावरची नसलेली भिंत

या सदरातले अनुभव मी दर महिन्याला वाचते आणि खरं सांगायचं तर वाचता वाचता मनातल्या मनात लाल पेन चालवते. इथं वाऱ्यानं दार वाजलं असेल... इथं अंगात ताप असेल... इथं सांगणाऱ्यानं जरा तिखट-मीठ लावलंय. काय करणार, सवय! सगळं आयुष्य जालन्यात मुलींच्या शाळेत गणित शिकवण्यात गेलं. सिद्ध कर, मग बोल — हेच मुलींना सांगत आले. घरात कुणी कुणाची दृष्ट काढायला लागलं तरी मी उठून दुसऱ्या खोलीत जायची.

तेव्हा हे लिहायला बसताना माझं मलाच कसंतरी होतंय. पण वयाची ऐंशी ओलांडली. त्या दिवशी गडावर आम्ही तिघं होतो, त्यातले दोघं आता नाहीत. मी गेले की हे सांगणारं कुणीच उरणार नाही. म्हणून जसं घडलं तसं लिहिते. माझ्या पदरचं काही घालत नाही.

माझं माहेर टेंभुर्णीचं, जाफराबाद तालुक्यातलं. लग्न होऊन मी जालन्याला मस्तगड भागात आले ती सोळा-सतरा वर्षांची असताना. निजामाचं राज्य होतं. जालना तेव्हा जिल्हा नव्हता, औरंगाबादेत मोडायचा. घरात माणसं तीनच — आमचे हे, मी आणि मामंजी, म्हणजे माझे सासरे. सासूबाई मी यायच्या आधीच गेल्या होत्या. हे जालना स्टेशनात तारमास्तर होते. दिवसभर कट्-कट्ट करत तारा पाठवायचे आणि घरी आले की तेवढंच मोजकं बोलायचे. एका एका शब्दाला पैसे पडतात असं!

मामंजी वकील. अंबडच्या कोर्टात त्यांनी जन्म काढला. कोर्टाचं सगळं काम उर्दूत. ते उभे राहिले की हाकीमसुद्धा मान वर करून ऐकायचे म्हणे. उंच, सरळ नाकाचे, डोक्याला रुमाल बांधायचे. पण हे सगळं मी ऐकलेलं. मी घरात आले तेव्हा काचबिंदूनं त्यांचे दोन्ही डोळे गेलेले होते. हैदराबादच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, उशीर झाला, आता काही होणार नाही. तिथून परत आल्यावर ते माजघरातल्या पलंगावर बसले ते बसलेच. रुमाल खुंटीला टांगला तो टांगलेलाच. जुने पक्षकार भेटायला यायचे, त्यांना मामंजी स्वतःच आतून सांगायचे, "वकीलसाहेब घरी न्हाईत." ताटातली अर्धी भाकरी तशीच राहायची. मी काही विचारलं तर हं किंवा उंहूं, बस्स. यांना वडलांची फार काळजी वाटायची. एकदा मला म्हणाले, "नाना जगायचं थांबून राह्यलेत. फक्त श्वास तेवढा चालूय."

मी चौथीपर्यंत शिकलेली, वाचता येत होतं. दुपारी काम आवरलं की मी मामंजींच्या कपाटातलं एखादं पुस्तक काढून त्यांच्याजवळ मोठ्यानं वाचायची. ते ऐकतात की नाही तेही कळायचं नाही. कपाटात इतिहासाची पुस्तकं फार. त्याचं त्यांना मोठं वेड होतं, हे मला यांनी सांगितलेलं. एका दुपारी मी देवगिरीच्या यादवांचं काहीतरी वाचत होते, आसपासच्या ठाण्यांची नावं आली आणि मी अडखळत वाचलं, "रो... रोहिलागड."

"कधी गेलो न्हाई मी तिथं," मामंजी एकदम म्हणाले.

मी दचकून पुस्तकच मिटलं. इतकं मोठं वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

"सारा जन्म अंबडच्या कोर्टात उभा राह्यलो. तिथून गड इतका जवळ... दर दिवाळीला म्हणायचो, औंदा जाऊ. तारीख लागायची, राहून जायचं. आता काय."

"मंग जाऊ या की," मी बोलून गेले.

ते हसल्यासारखं काहीतरी करून म्हणाले, "सूनबाई, अंधारच पाहायचा तर घरातला काय वाईट? प्रवासाचा खर्चा तरी न्हाई."

पण ‘उंहूं’ म्हणाले नाहीत, हे मी धरून ठेवलं. रात्री जेवताना यांच्या कानावर घातलं. हे म्हणाले, "आंधळ्या माणसाला गड दाखवणार? लोकं काय म्हणतील?"

"लोकांना कुठं नेतोय आपण? गाडीत जागा तरी आहे का तेवढी?" मी म्हटलं.

हे हसले. आणि यांनी रजा काढली.

मार्गशीर्ष होता. पिकं काढून झालेली, हवेत गारवा. अंबडला टेकडीवरच्या मत्स्योदरी देवीचं दर्शन घेतलं. मामंजी खालीच पायरीशी बसून राहिले, वर आलेच नाहीत. तिथून बैलगाडीनं संध्याकाळपर्यंत रोहिलागडला पोचलो. गडाच्या पायथ्याशी त्याच नावाचं गाव आहे. मामंजींचे एक जुने पक्षकार तिथले पाटील, त्यांच्याकडे मुक्काम केला. पाटलीणबाई मोठ्या अगत्याच्या. पण गडावर जायचं म्हटल्यावर पदर तोंडाला लावून हसल्या. "काय हाय बाई तिथं? दगडं अन् गवत. शेरडं जातेत तेवढी."

सकाळी ऊन अंगावर घेत आम्ही तिघं चढायला लागलो. डोंगर फार मोठा नाही. मामंजींचा एक हात यांच्या खांद्यावर, दुसऱ्या हातात काठी. वाटेत हे पुस्तकात वाचलेलं सांगत होते — यादवांच्या वेळचं हे ठाणं, देवगिरीकडं जाणाऱ्या वाटेवर नजर ठेवायला बांधलेलं. पुढं बहामनी आले, निजामशाही आली, मोगल आले. मग कधीतरी रोहिल्यांची फौज इथं राहिली आणि तिचंच नाव गडाला पडलं, असं लोक सांगतात. मामंजी ऐकत होते. मध्येच म्हणाले, "लोक सांगतात म्हणजे पुरावा न्हाई." वकील जागा होत होता! हे आणि मी एकमेकांकडं बघून हसलो.

वर पोचलो आणि पाटलीणबाई बराबर बोलल्या होत्या हे कळलं. दरवाज्याच्या जागी दोन्हीकडं दगडांचे ढीग. आत सगळीकडं कमरेएवढं वाळलेलं गवत, मध्ये मध्ये सीताफळीची झुडपं. कुठं एखादा घडीव दगड, कुठं कातळात खोदलेलं पाण्याचं टाकं. इमारत म्हणाल तर एकही उभी नाही. हाताच्या उंचीची भिंतसुद्धा मला दिसली नाही. एक मोठा लिंब होता, त्याच्या सावलीत मामंजींना बसवलं. आणि तेव्हा लक्षात आलं, भाकरीचं गाठोडं आणि पाण्याची सुरई खाली गाडीतच राहिली.

"मी आलोच घेऊन," हे म्हणाले. "तुम्ही इथून हलू नका."

हे उतरून गेले. वर फक्त आम्ही दोघं. गवतातून वारा सळसळत होता, लांब कुठंतरी शेरडाच्या गळ्यातली घंटी वाजत होती. स्वच्छ ऊन पडलेलं. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण अशा गोष्टींत लोकांना अंधार लागतो. इथं अंधार नव्हता. मला सगळं लख्ख दिसत होतं.

मामंजी म्हणाले, "काय दिसतंय, सांग."

मी सांगितलं. गवत, दगड, झुडपं, पलीकडं डोंगराची कड, त्याखाली शेतं.

"अस्सं," ते म्हणाले. मग मान वळवली, एखाद्यानं हाक मारल्यावर वळवावी तशी. "सूनबाई, वास येतोय का तुला? ओल्या सारवणाचा?"

मला वाळल्या गवताचा वास येत होता. तसं मी म्हणाले.

ते उठले. मी धावत जाऊन हात धरला तर त्यांनी तो हळूच सोडवला. रागानं नाही... पाहुण्याच्या घरी गेल्यावर आपण लेकराचा हात सोडतो ना, तसा. आणि चालायला लागले. काठी लिंबाखालीच पडलेली होती. घरात माजघरातून न्हाणीपर्यंत जायला ज्यांना भिंत चाचपावी लागायची, ते मामंजी त्या गवतातून, दगडाधोंड्यांतून काठीशिवाय चालले होते. बेताच्या पावलांनी, पण कुठंही न अडखळता.

थोडं पुढं जाऊन थांबले. खाली वाकून पायातले जोडे काढले आणि शेजारी शेजारी नीट लावून ठेवले.

"मामंजी, काटे आहेत!" मी ओरडले.

"सारवण ओलं आहे गं अजून. जोडे घालून कसं जायचं?"

आणि मग ते वाकले. उंच माणूस ठेंगण्या दारातून आत शिरताना मान खाली घालतो, एक पाय उचलून उंबऱ्यापलीकडं टाकतो — अगदी तसे. उघड्या माळावर, भर उन्हात! एकदम हसू आलं, पण लगेच वाटलं, झालं... मामंजींच्या डोक्यावर परिणाम झाला. इथं आणायचा हट्ट माझा. आता यांना काय सांगू?

मी जागेवरच थिजले होते. मामंजी आत — आत म्हणजे काय, गवतातच — पण मी ‘आत’च म्हणते, दुसरा शब्द नाही माझ्याकडं. ते डावीकडं वळले. उजवा हात खांद्याच्या उंचीवर धरलेला आणि बोटं कशावरून तरी फिरत चालल्यासारखी. एका ठिकाणी थांबून हात पुढं घातला, कोनाड्यात घालावा तसा. बोटं नाकाशी नेली. "तेल," असं म्हणाले आणि हसले. लग्न होऊन आल्यापासून त्यांना हसताना मी पाहिलं नव्हतं. दात दिसतील असं हसले, लहान पोराला खाऊ मिळाल्यासारखं.

मग पुन्हा वळले आणि सरळ चालायला लागले. माझ्या लक्षात आलं, ते डोंगराच्या कडेकडं चाललेत. तिकडचा तट कधीच ढासळून गेलेला. कड नुसती उघडी, आणि खाली चांगलं खोल, कातळच कातळ.

"मामंजी थांबा! पुढं कडा आहे! थांबा!"

"कडा कुठला? सज्जा आहे," ते न वळता म्हणाले. आणि अगदी कडेशी जाऊन त्यांनी दोन्ही हात कमरेच्या उंचीवर टेकवले आणि पुढं रेलले.

हे वाक्य मी आजवर कितीदा मनात तपासलं असेल. रेलले. अंगाचा भार पुढं टाकून, सज्ज्याच्या कठड्यावर माणूस रेलतो तसे. समोर कठडा नव्हता. हवा होती. मी शिकवलेल्या कुठल्याही नियमानं ते पडायला हवे होते. पडले नाहीत. तोंडावर वारा घेत आरामात उभे होते.

मी धावले. त्यांनी घेतलेल्या वळणावळणाच्या वाटेनं कशाला जाईन, मी आपली सरळ गवतातून, तिरकी, जवळच्या वाटेनं सुटले. अर्ध्यात असेन नसेन, तेवढ्यात मामंजींनी तोंड वळवलं आणि ओरडले. कोर्टात ओरडत असतील तो आवाज मी त्या दिवशी ऐकला.

"भिंतीतून येतेस काय? फिरून ये! दारातून ये!"

मी जागच्या जागी थांबले. मला भिंत दिसली का? नाही. हाताला काही लागलं का? नाही. तेव्हाच्या सुनेला सासऱ्यानं थांब म्हटलं की पाय थांबायचे, एवढंच. मी मागं फिरले, त्यांच्या जोड्यांपाशी गेले आणि ते गेले त्याच वाटेनं निघाले. जोड्यांजवळ पोचल्यावर माझाही पाय उचलून पडला, का ते विचारू नका. मान वाकवली नाही. मी बुटकी, मला गरज नव्हती.

माझ्या पायाखाली गवतच होतं. काटेही टोचले. मला वास आला नाही, काही नाही. मामंजींपाशी पोचून त्यांच्या अंगरख्याची बाही दोन्ही मुठींत घट्ट धरली आणि रडायलाच लागले.

"घाबरलीस?" ते एवढ्या मायेनं म्हणाले की मला आणखीच रडू आलं. "घाबरायचं कशाला? घर रिकामं आहे."

"कुणाचं घर, मामंजी?"

"ते काय माहीत. पण कुणीतरी येणार दिसतंय. सारवून ठेवलंय, पाणी भरून ठेवलंय." त्यांनी पुन्हा एकदा समोर तोंड केलं, वारा घेतला. "चल, ते यायच्या आत निघू. परक्याच्या घरात किती वेळ उभं राहायचं?"

आले त्याच वाटेनं ते परत निघाले, मी बाही धरून मागं. त्याच ठिकाणी वाकले, पाय उचलून टाकला. आणि बाहेर... बाहेर पहिलंच पाऊल टाकलं ते दगडाला अडखळले. हात हवेत चाचपडायला लागले.

"काठी कुठं गेली माझी? सूनबाई, धर गं जरा."

मी त्यांना तिथंच एका दगडावर बसवलं आणि जोडे घालायला त्यांचा पाय हातात घेतला. तळवे ओले होते. गार. आणि टाचेला हिरवट ओला लेप, सारवलेल्या जमिनीवरून चालल्यावर लागतो तसा. पदरानं पुसला मी. तेवढ्यात हे वर आले.

मी भडाभडा सगळं सांगितलं. हे आधी माझ्यावरच चिडले. "नानांना सोडलंस कसं? जल्दी उतरा आता खाली." मग मात्र मामंजी कुठं उभे होते ते बघायला निघाले, आणि निघाले ते सरळ, मी धावले होते त्याच तिरक्या वाटेनं.

"तिकडून नका जाऊ! फिरून जा!" मी किंचाळले.

"का? भिंत आहे?" हे हसून म्हणाले. पण लिंबाखालून उचललेली मामंजींची काठी यांच्या हातात होती, ती यांनी गंमत म्हणून पुढं गवतात खुपसली.

काठी खाली गेली. जातच राहिली. हात मनगटापर्यंत गवतात गेला तेव्हा हे मागच्या मागं बसले. गुडघ्यांवर सरकत यांनी गवत बाजूला केलं. वेलींचं आणि वाळक्या काटक्यांचं जाळं, आणि त्याखाली काळं तोंड. कातळात खोदलेलं जुनं टाकं असणार, वरचं छत पडलेलं. यांनी दगड टाकला. आम्ही ऐकत राहिलो. ऐकत राहिलो. मग खूप खालून आवाज आला — डुबुक.

मी थांबले होते ती जागा तिथून दोन पावलांवर होती. माझ्यामागं दबलेलं गवत तोपर्यंत तसंच होतं.

यांनी सुरईतलं पाणी एकट्यानं संपवलं.

पण स्वभाव तारमास्तराचा! सोडतील कसले. दुपारी पाटलांची दोन माणसं विळे घेऊन गडावर गेली, हे त्यांच्याबरोबर. गवत कापलं. टाक्याच्या अलीकडं, मी थांबले तिथंच, घडीव दगडांची एक ओळ निघाली. भिंतीचा पाया. तो पुढं जाऊन वळत होता आणि जिथं जोडे काढले होते तिथं एक मोठा आडवा दगड होता, त्याला दाराचं खुंट फिरायचं गोल भोक. उंबरा. बोटभर मातीखाली गाडलेला होता, वरून कुणालाही दिसला नसता. कडेला मात्र काहीच नव्हतं. सज्जा असेल तर तो तटाबरोबर कधीच खाली गेलेला.

संध्याकाळी हे परत आले ते धुळीनं माखलेले. मला बाजूला घेऊन म्हणाले, "नानांच्या पायांना दगड लागले असतील मातीतून. आंधळ्याचे पाय हुशार असतात."

"अन् तळव्याचं सारवण?"

"शेरडं चरतेत तिथं. गुरं बी येत असतील. पडला असेल पाय शेणात."

असेल. मीही तेच म्हणते. पण मामंजी माझ्यापासून लांब कडेवर उभे होते. त्यांचे पाय तिथं होते, मी इथं. माझ्या पुढ्यात काय आहे हे त्यांना कळलं कसं? आणि दुसरं — ते ‘खड्डा’ म्हणाले नाहीत. ‘टाकं’ म्हणाले नाहीत. खड्ड्याचं त्यांना काही माहीतच नव्हतं, आम्ही सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा पडला. त्यांना फक्त एवढंच वाटलं, की ही वेडी पोरगी भिंतीवर आपटणार.

त्या रात्री पाटलांकडं मामंजींनी भाकरी मागून घेतली. ठेचा जरा तिखट आहे म्हणाले आणि आणखी वाढून घेतला. पाटलांबरोबर बांधाच्या कुठल्या जुन्या भांडणावरून गप्पा मारत बसले. यांनी माझ्याकडं पाहिलं आणि पटकन मान वळवली. यांचे डोळे भरलेले मी आयुष्यात जे थोडे वेळा पाहिले, त्यातली ती एक.

जालन्याला आल्यावर मामंजींनी रुमाल मागितला. स्वतः बांधला, थोडा तिरका. ओसरीत बसायला लागले. पक्षकार पुन्हा यायला लागले, नुसता सल्ला विचारायला. आणि मला एक दिवस म्हणाले, "नुसतं वाचून दाखवतेस, तुझं शिक्षण कुठवर?" चौथी म्हटल्यावर कपाळाला हात लावला. तिथून माझी शाळा सुरू झाली. उर्दू त्यांनी शिकवलं. गणितंही तोंडी घालायचे, पाटी नाही की पेन्सिल नाही. मी परीक्षा दिल्या, टीचर झाले, त्याचं मूळ हे असं आहे. पोलीस अॅक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, तेव्हाही ते होते. गल्लीतली माणसं त्यांच्याभोवती जमून विचारत होती, आता कसं व्हायचं वकीलसाहेब? आणि ते शांतपणे समजावून सांगत होते. पुढंही पुष्कळ वर्षं जगले. छान जगले.

गडाचा विषय मी काढला की टाळायचे. "वकिलाला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहायला आवडत न्हाई," म्हणायचे. एकदाच बोलले. मी गहू निवडत होते, ते शेजारी ओसरीच्या खांबाला टेकून बसले होते.

"डोळे गेले ना सूनबाई, तेव्हा मला वाटलं, आता माझ्यापुरतं सगळं मोडलं. मी हात लावीन तेवढीच भिंत, बाकी सगळं रान. त्या दिवशी ते घर होतं. दिसलं असं म्हणणार न्हाई मी, दिसत न्हाईच मला. पण होतं. आपल्या जागेवर होतं. मी असो, नसो. तेव्हापासून मला अंधाराचं भ्या न्हाई वाटत. एवढंच."

"पण ते होतं कसं मामंजी? कुणाचं? किती वर्षांपूर्वीचं?"

ते मोठ्यानं हसले. "घरात शिरलेला साक्षीदार एकच, अन् तो ठार आंधळा. कुठलं कोर्ट ऐकून घेईल गं?"

मी अजून कोर्टातच उभी आहे असं समजा. दोन्ही बाजू मीच मांडते, उलटतपासणीही मीच घेते. पाय, वास, कानांचा तल्लखपणा, योगायोग... सगळं मांडून झालं. रेललेला माणूस पडला का नाही, याचं उत्तर अजून सापडलेलं नाही, आणि आता सापडेल असं वाटतही नाही. आमचे हे शेवटपर्यंत पायांनाच श्रेय देत राहिले. मी वादात पडले नाही. ज्या भिंतीनं मला अडवलं, ती होती म्हणावं तर नव्हती. नव्हती म्हणावं, तर मग हे सगळं लिहायला मी तरी कशी असते?